राखमिश्रित सिमेंट : दोष राखेचा की पाण्याचा?

शेतावर पक्के बांधकाम करणे ही केवळ सधन बागाईतदाराची गोष्ट आता राहिलेली नाही. विहिरीची बांधणी, गोठ्याची फरसबंदी, पाण्याची टाकी, पाटाची चर, मुरघासाचा खड्डा, गोबर गॅसची टाकी, कांदाचाळीचा पाया, धान्याच्या खोलीवरील स्लॅब, अशी कामे लहान शेतकऱ्याच्याही वाट्यास येतात. त्यासाठी तो कर्ज काढतो, क्वचित एखादे जनावर विकतो, आणि एकदा काम झाले की आपल्या हयातीत ते पुन्हा करावे लागणार नाही अशी त्याची अपेक्षा असते. ही अपेक्षा गैर नाही. परंतु दहा-पंधरा वर्षांतच स्लॅबच्या खालच्या अंगाचे पोपडे पडू लागतात, गंजलेली सळई डोकावू लागते, टाकीच्या भिंतीस ओल धरते आणि पांढरा लोणा फुटतो, असे चित्र गावोगाव पाहावयास मिळते. अशा वेळी दोषाचे खापर बहुधा एकाच गोष्टीवर फुटते. ‘हल्ली सिमेंटमध्ये राख मिसळतात, मग ते टिकणार कसे?’ असे गवंडी म्हणतो व शेतकऱ्यास ते पटते.

सिमेंटमध्ये राख मिसळलेली असते, हे खरे आहे. आज बाजारात मिळणाऱ्या सिमेंटचा फार मोठा वाटा पोर्टलँड पोझोलाना सिमेंटचा आहे आणि पोत्यावर तसे स्पष्ट छापलेले असते. भारतीय मानकाप्रमाणे या सिमेंटात औष्णिक वीज केंद्रातील बारीक राख शंभर भागांत १५ ते ३५ भागांपर्यंत घालण्यास मुभा आहे. ही चोरी नव्हे आणि भेसळही नव्हे. किंबहुना, योग्य तऱ्हेने वापरलेले राखमिश्रित सिमेंट हे पाणी, खार व शेणमूत्र यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या शेतावरील कामांस साध्या सिमेंटपेक्षा अधिक मानवते. मात्र ‘योग्य तऱ्हेने’ या दोन शब्दांतच सारी गोम आहे. आपल्याकडील बांधकामाच्या घाईशी या सिमेंटचा स्वभाव जुळत नाही. गवंड्याच्या तक्रारीत जो सत्याचा अंश आहे तो एवढाच. परंतु तो दुर्लक्ष करण्याजोगा खचित नाही.

हा स्वभाव समजण्यास सिमेंट घट्ट होते म्हणजे काय होते, हे प्रथम पाहिले पाहिजे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. सिमेंटचा कण पाण्यात भिजला की त्याच्या पृष्ठभागावर गोंदासारखा एक अतिसूक्ष्म पदार्थ वाढू लागतो. हाच पदार्थ वाळू व खडी यांस एकत्र धरून ठेवतो व काँक्रीटचे बळ बहुतांशी त्यातच असते. पण याच क्रियेत दुसराही एक पदार्थ निर्माण होतो, तो म्हणजे विरलेला चुना. घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये सुमारे एक-पंचमांश ते एक-चतुर्थांश भाग हा चुनाच असतो. त्यास बळ थोडे, आणि पाण्यात तो हळूहळू विरघळतो. टाकीच्या बाहेरील अंगास जो पांढरा थर दिसतो त्यात पुष्कळदा भिंतीतून झिरपून आलेला हाच चुना असतो.

तिसरी गोष्ट पोकळीची. शंभर भार सिमेंटशी संयोग पावण्यास सुमारे तेवीस भार पाणी लागते. गोंदाच्या पोटात अडकून राहणारे पाणी धरले तरी बेचाळीस भारांच्या आसपास सारी गरज भागते. परंतु कालवण सैल व्हावे, ते थापीखाली सहज पसरावे, म्हणून गवंडी त्याहून कितीतरी अधिक पाणी ओततो. हे जादा पाणी पुढे उडून जाते आणि त्याची जागा रिकामी राहते. केसाहूनही बारीक अशा या रिकाम्या वाटा एकमेकींस जोडलेल्या असल्या म्हणजे वरून दिसावयास दगडासारखा असलेला स्लॅब आतून चाळणीसारखा होतो. पाणी, खार, हवा हे सारे याच वाटांनी आत शिरते व सळईपर्यंत पोहोचते.

येथे शेतकऱ्यास एक गोष्ट आपल्या जमिनीवरून चांगली उमजेल. काळ्या भारी जमिनीत एकूण पोकळी वाळवट जमिनीपेक्षा अधिक असते, हे ऐकून नवख्यास आश्चर्य वाटते. तरीही वाळवट रानात दिलेले पाणी बघता बघता खाली निघून जाते आणि भारी रानात ते साचून राहते. कारण वाळूतील छिद्रे संख्येने थोडी पण मोठी व एकमेकींस मिळालेली असतात, तर चिकण मातीतील छिद्रे अगणित पण अतिशय बारीक व वाकडीतिकडी असतात. म्हणजे पोकळी किती आहे यापेक्षा ती कशी आहे, यावर पाण्याची वाट अवलंबून असते. कोळपणीचे मर्म तरी दुसरे काय आहे? कोळप्याच्या पासेने वरच्या थरातील बारीक नळ्या तुटतात, खालची ओल वर चढावयाची थांबते, आणि म्हणूनच एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी असे जाणते लोक म्हणतात. नळी तुटली की पाणी अडले. काँक्रीटमध्येही हाच नियम चालतो.

राख जे काम करते ते या नळ्या तोडण्याचे व बारीक करण्याचे होय. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस अशा औष्णिक केंद्रांत पीठासारखा दळलेला कोळसा जळतो. त्यातील मातीचा अंश भट्टीच्या आचेने वितळतो, धुराबरोबर उडताना एकदम निवतो व काचेसारख्या सूक्ष्म गोलकांच्या रूपाने यंत्राने पकडला जातो. चुलीतल्या राखेशी या राखेचे नावापुरतेच नाते आहे. तिच्यातील काचरूप वाळूतत्त्वास, म्हणजे सिलिकेस, ओलाव्यात चुना भेटला की दोहोंचा संयोग होतो आणि सिमेंटपासून होणाऱ्या गोंदासारखाच नवा गोंद तयार होतो. याप्रमाणे जो चुना पाण्याबरोबर वाहून जावयाचा तो भिंतीतच कामास लागतो, आणि हा नवा गोंद मुख्यतः रिकाम्या वाटांतच वाढतो. मोठी छिद्रे लहान होतात, जोडलेल्या वाटा मध्येच बंद पडतात. एकूण पोकळी मोजली तर ती फारशी कमी झालेली आढळेलच असे नाही, क्वचित किंचित अधिकही भरते. परंतु वाळवट रानाचे जणू भारी रान झालेले असते. राखेचे कण गोल असल्याने कालवण थोड्या पाण्यातही सैल राहते, हा आणखी एक लाभ होय. मात्र या लाभाचा फायदा घेऊन पाणी कमी घालणारा गवंडी विरळाच.

लोखंडाच्या झोतभट्टीतील मळी, जिला स्लॅग म्हणतात, तीही अशीच सिमेंटात मिसळतात. वितळलेल्या मळीवर पाण्याचा मारा करून तिला एकदम निववले तरच तिचे काचेसारखे दाणे होतात व ते दळून सिमेंटास उपयोगी पडतात. सावकाश निवलेली मळी रस्त्याच्या खडीपलीकडे विशेष कामाची नसते. स्लॅग सिमेंटात मळीचे प्रमाण निम्म्याहूनही अधिक असू शकते.

या विद्येत नवीन असे काही नाही. इटलीतील नेपल्सजवळच्या पोझुओली येथील ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून रोमन लोकांनी समुद्रात धक्के बांधले; दोन हजार वर्षांनंतरही त्यांचे अवशेष पाण्यात उभे आहेत, आणि पोझोलाना हे नाव त्या गावावरूनच पडले. आपल्याकडे तेच काम सुरखी करीत असे. भाजलेल्या विटांची वस्त्रगाळ पूड चुन्यात घालून बैलाच्या घाणीत मळावयाची, ही रीत जुन्या गवंड्यांच्या हाडीमाशी खिळलेली होती. अनेक गडांवर चुन्याच्या घाणीचे दगडी चाक व गोल चर आजही दिसतात. म्हैसूरजवळील कृष्णराजसागर धरण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरखीच्या चुन्यातच बांधले गेले. अमेरिकेतील हंग्री हॉर्स धरणात १९४८ ते १९५३ या काळात वीज केंद्रांची राख मोठ्या प्रमाणावर वापरण्यात आली, आणि भारतात १९६२ साली पुरे झालेल्या रिहंद धरणात तिचा वापर झाला. भाजलेली माती व चुनखडीची पूड मिसळलेल्या सिमेंटासाठी तर २०२३ साली भारतीय मानकही प्रसिद्ध झाले. म्हणजे सुरखी नव्या वेषात परत येत आहे. ज्या आजोबांनी सुरखीच्या चुन्यात विहीर बांधली त्यांच्याच नातवाने राखेच्या सिमेंटास नाक मुरडावे, ही मौजेची गोष्ट आहे.

परंतु आजोबांजवळ एक गोष्ट होती जी नातवाजवळ नाही. ती म्हणजे सवड.

राखेचा चुन्याशी होणारा संयोग मंदगतीने चालतो. प्रथम सिमेंटपासून चुना सुटावा लागतो, मग तो राखेच्या कणापर्यंत पोहोचावा लागतो, आणि हे सारे घडेपर्यंत आत पाणी असावे लागते. पहिल्या आठवड्यात राखेचा सहभाग अगदी थोडा असतो. सातव्या दिवशी दोन्ही प्रकारच्या सिमेंटांची तुलना केली तर राखमिश्रित सिमेंटातील छिद्रेच बहुधा मोठी आढळतील. महिनाभराने हे अंतर तुटत येते आणि तीन महिन्यांच्या सुमारास पारडे फिरते. मात्र मध्यंतरी ओल तुटली तर ते कधीच फिरत नाही. राख मग काँक्रीटमध्ये निव्वळ भरताड म्हणून पडून राहते, आणि तेवढे सिमेंट कमी घातल्यासारखे होते. चार दिवस पाणी मारून सोडून दिलेल्या स्लॅबविषयी गवंडी जी तक्रार करतो ती याच कारणाने खरी ठरते. पेरणी केली, पहिले पाणी दिले आणि पुढे पाळीच चुकवली, तर बियाण्यास दोष देणारा शेतकरी जसा, तसाच हा प्रकार आहे.

पाण्याचा हिशेब दुहेरी आहे. कालवणात पाणी थोडे असावे व नंतर वरून पुष्कळ असावे. व्यवहारात मात्र नेमके उलट घडते. कालवणात पाणी सढळ हाताने घातले जाते आणि स्लॅबवर मारताना हात आखडतो. याचे परिणाम किती दूरवर जातात हे टी. सी. पॉवर्स या अमेरिकन संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली साध्या सिमेंटवर दाखवून दिले. ५० किलो सिमेंटास २० लिटर पाणी घातले असता आतील जोडलेल्या वाटा सुमारे तीन दिवसांच्या ओलाव्याने बंद पडतात. पाणी साडेबावीस लिटर झाले की सात दिवस लागतात. २५ लिटर झाले की चौदा दिवस. ३० लिटरला सहा महिने, ३५ लिटरला एक वर्ष. त्यापुढे पाणी गेले तर कितीही काळ भिजत ठेवले तरी वाटा पूर्ण बंद होत नाहीत. पोत्यामागे दोन बादल्या जास्त म्हणजे काय, याचा यापेक्षा स्पष्ट हिशेब नाही. वाळू ओली असेल तर तिच्यातील पाणीही यातच धरावे लागते, ही गोष्ट तर बहुतेक कामांवर कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

काँक्रीटच्या कामासंबंधीचे २००० सालचे भारतीय मानक याबाबत संदिग्ध नाही. साध्या सिमेंटाचे काँक्रीट निदान सात दिवस सतत ओले राहिले पाहिजे, मिश्र सिमेंटाचे निदान दहा दिवस, आणि मिश्र सिमेंटास ही मुदत चौदा दिवसांपर्यंत वाढवावी, असे त्यात सुचविले आहे. उष्ण व कोरड्या हवेत दहा दिवसांहून कमी मुदत कोणत्याच सिमेंटास चालत नाही. ‘सतत’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. सकाळी एकदा व सायंकाळी एकदा नळी फिरवून दुपारभर स्लॅब तापू देणे म्हणजे चौदा दिवस पाणी मारणे नव्हे.

मग अडते कोठे? अडते ते हंगामाशी. शेतकऱ्याचे बांधकाम निघते ते फाल्गुन-चैत्रात. रब्बीचा पैसा हाती आलेला असतो, रान मोकळे असते, मजूर मिळतो, आणि मृगाच्या आत छप्पर झाकावयाचे असते. सार्वजनिक कामांचीही तीच गत. मार्चअखेर निधी खर्ची पडला पाहिजे म्हणून चेकडॅम, गोदाम, पाण्याच्या टाक्या यांची कामे फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम सुरू होतात आणि हिशेबाच्या वहीत वेळेवर पुरी होतात. म्हणजे ज्या महिन्यांत विहिरींनी तळ गाठलेला, वारा कोरडा व ऊन प्रखर, नेमक्या त्या महिन्यांत सर्वाधिक ओलावा मागणारे सिमेंट वापरले जाते. माण, जत, आष्टी, पाटोदा अशा भागांत ज्या घरी पिण्याचे पाणी टँकरने येते, त्या घरच्या बाईने ते स्लॅबवर ओतावे असे कोणत्या तोंडाने सांगावयाचे? सांगणाऱ्यासही ते ठाऊक असते, म्हणून तो सांगतच नाही. आणि स्लॅब पाचव्या दिवशी कोरडा पडतो.

यास खरा उपाय एकच आहे, व तो सिमेंट बदलण्याचा नसून हंगाम बदलण्याचा आहे. पावसाळा सरल्यावर, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतच्या काळात विहिरींस पाणी असते, ऊन सौम्य असते, आणि भिजविलेले काँक्रीट दिवसभर ओले राहू शकते. त्या काळात रब्बीची पेरणी, ऊसतोड, कापूसवेचणी यांमुळे मजूर मिळत नाही व पैसाही मोकळा नसतो, ही अडचण खरी आहे. तथापि सर्वच काम त्या वेळी करावयाचे नाही. टाकी, स्लॅब, विहिरीचा वरचा भाग, म्हणजे जे काँक्रीट पाणी धरणार किंवा ज्यात सळई आहे, तेवढे दिवाळीनंतर उरकावे आणि पाया खोदणे, भिंतीची दगडविटांची रचना ही कामे उन्हाळ्यावर ठेवावीत. कर्जाचे हप्ते व अनुदानाचे टप्पेही या क्रमास अनुसरून ठरविले गेले तर शेतकऱ्याचे व शासनाचे दोघांचेही हित आहे. पैसा चैत्रात द्यावयाचा आणि काम मार्गशीर्षातल्यासारखे व्हावे अशी अपेक्षा करावयाची, हा न्याय नव्हे. थंडीच्या दिवसांत मिश्र सिमेंट आणखी सावकाश बळ धरते, म्हणून त्या काळात स्लॅबखालचे टेकू काढण्याची घाई मात्र करू नये.

उन्हाळ्यातच काम करणे भाग पडले तर पाण्याची काटकसर कशी करावी हे सांगता येते. १० चौरस मीटरच्या स्लॅबवर दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उन्हाने उडाले असे धरले तर रोज १०० लिटर पाणी लागते. चौदा दिवसांचे ते १,४०० लिटर झाले. हेच पाणी भाताचा पेंढा, कडब्याचा चुरा किंवा गोणपाट यांच्या जाड थरात जिरवून वर प्लॅस्टिकचा कागद अंथरला व त्याच्या कडा दगडांनी किंवा मातीने दाबल्या, तर पाणी उडण्यास वाट राहत नाही आणि दिवसाआड थोडेसे शिंपले तरी भागते. शेततळ्याचे जुने अस्तर अशा वेळी चांगले उपयोगी पडते. भिंतीवर पाणी साठत नाही, म्हणून तिला गोणपाट बांधून तो ओला ठेवावा. स्लॅबवर मातीची वरंब काढून वाफे करावयाचे असतील तर माती चिकण असावी, मुरमाच्या वरंबीतून पाणी निघून जाते.

आता राखमिश्रित सिमेंटाची जेथे खरी गरज आहे अशा दोन भागांविषयी. विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे. तेथील भूजल खारे, जमीन चिबड व खारवट. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यातही अतिपाण्याने क्षारपड झालेली रानेच्या राने आहेत. अशा जमिनीत गाडलेल्या काँक्रीटवर क्षारांचा दुहेरी मारा होतो. गंधकाचे क्षार, म्हणजे सल्फेट, आत शिरून चुन्याशी व सिमेंटातील ॲल्युमिना असलेल्या घटकांशी संयोग पावतात. त्यातून होणारे पदार्थ फुगतात आणि काँक्रीट आतून फुटते. क्लोराइड म्हणजे मिठाचा अंश सळईपर्यंत पोहोचला की ती गंजते, गंजाने तिची जाडी वाढते आणि वरचा थर उकलून पडतो. राख व मळी यांमुळे आत शिरण्याची वाट अरुंद होते, फुगण्यास लागणारा चुना कमी उरतो, आणि क्लोराइडचा काही भाग सिमेंटातच बांधला जाऊन सळईपर्यंत पोहोचत नाही. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्यात उभ्या असलेल्या घरास, गोठ्यास व बंधाऱ्यास हेच लागू आहे. समुद्राच्या पाण्यातील कामास मिश्र सिमेंट हितकर असल्याचे मानकातही नमूद आहे. तेव्हा खारपाणपट्ट्यातील किंवा देवगड-वेंगुर्ल्याकडील शेतकरी जेव्हा दुकानदाराकडे ‘बिनराखेचे सिमेंट द्या’ असा आग्रह धरतो, तेव्हा तो पदरचे पैसे टाकून आपलेच नुकसान करून घेत असतो.

पण याच भागात एक मोठी चूक सर्रास होते. खाऱ्या विहिरीचेच पाणी कालवणास व मारण्यास वापरले जाते. ज्यात सळई आहे अशा काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असावे लागते. सळई नसेल तर २,००० पर्यंत चालते. बाहेरून येणारा खार अडविण्यासाठी चांगले सिमेंट घ्यावयाचे आणि कालवतानाच घमेल्याने खार आत घालावयाचा, यास काय म्हणावे? मातीपरीक्षणाबरोबर पाण्याचेही परीक्षण करून घेण्यास शेतकऱ्यास फारसा खर्च येत नाही. निदान कालवणापुरते तरी गोडे पाणी आणले पाहिजे.

गोठा व मुरघासाचा खड्डा यांविषयी मात्र अवास्तव आशा दाखविणे बरे नव्हे. मुरघासाचा रस आंबट असतो. आंबट पदार्थ चुना प्रथम खातो व मागाहून गोंदही खातो. राखमिश्रित सिमेंटात मोकळा चुना कमी असल्याने झीज सावकाश होते, पण ती होतेच. अशा खड्ड्यास आतून प्लॅस्टिकचे अस्तर लावणे व रस साचू न देता निचरा ठेवणे हाच उपाय आहे. गोठ्याच्या जमिनीसही उतार व मूत्राची नाली नीट असेल तर कोणत्याही सिमेंटाचे आयुष्य वाढते.

दुसरीही एक मर्यादा सांगितली पाहिजे. काँक्रीटमधील चुना सळईस एका अर्थी पांघरुणासारखा असतो. त्याच्या क्षारीय गुणाने ती गंजत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड आत शिरत गेला की हा गुण नाहीसा होत जातो. राखमिश्रित सिमेंटात चुन्याची शिल्लक कमी असते. छिद्रे बारीक झालेली असतील तर हवेस वाटच राहत नाही आणि बिघडत नाही. परंतु पाणी न मारलेल्या, सच्छिद्र राहिलेल्या राखमिश्रित स्लॅबमध्ये हा बिघाड साध्या सिमेंटापेक्षा लवकर होतो. जो पाणी मारणारच नाही त्याने राखमिश्रित सिमेंट घेऊ नये असे यावरून कोणी म्हणेल, आणि ते अगदीच चूक ठरणार नाही. पण जो पाणी मारणारच नाही त्याचे साधे सिमेंटही फार दिवस टिकत नाही.

एका धोक्याची सूचना येथेच दिलेली बरी. सिमेंटात राख चालते असे कळल्यावर कोणी उत्साहाने घरची राख घालू लागेल. चुलीची राख, वीटभट्टीची राख, वीज केंद्राच्या तळ्यातून आणलेली भरड ओली राख, यांपैकी एकही सिमेंटात घालू नये. भंडारा-गोंदियाकडे भातगिरण्यांतून तुसाची राख पुष्कळ निघते. तुसाच्या राखेत सिलिका विपुल असते हे खरे, पण बेताच्या आचेवर नियंत्रणात जाळली तरच ती सिलिका संयोगास योग्य राहते. ढिगात भडकून जळलेल्या तुसाची सिलिका स्फटिकरूप होऊन निष्क्रिय बनते, आणि काळ्या राखेतील अर्धवट जळलेला कोळसा उलट पाणी शोषतो. साखर कारखान्यातील चिपाडाच्या राखेचीही हीच कथा. कारखान्यात तपासून, दळून, मोजून मिसळलेली राख निराळी व घमेल्याने टाकलेली निराळी.

हे सारे शेतकऱ्यास तोंडी सांगून पटेल असे नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने खताचे व बियाण्याचे प्रात्यक्षिक जसे शेतावर करून दाखविले, तसे याचेही दाखवावे. त्यास खर्च एका घमेल्याचा आहे. राखमिश्रित सिमेंटाच्या एकाच पोत्यातून, एकाच वाळूचे व बेताच्या पाण्याचे कालवण करून वीतभर लांबीरुंदीच्या चार फरश्या ओताव्यात. दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून दोन फरश्या तीन दिवस ओल्या ठेवून उन्हात टाकाव्यात. उरलेल्या दोन चौदा दिवस पाण्याच्या हौदात बुडवून ठेवाव्यात. पुढे सर्व फरश्या महिनाभर सावलीत चांगल्या वाळू द्याव्यात व ग्रामसभेच्या दिवशी सर्वांसमक्ष प्रत्येकीवर पळीभर पाणी ओतावे. काही फरश्यांवरचे पाणी लवकर जिरेल, काहींवर ते बराच वेळ तसेच राहील. कोणती फरशी कोणती, हे पाणी जिरेपर्यंत सांगू नये. गवंड्यांस त्या दिवशी आवर्जून बोलवावे आणि पाणी ओतण्याचे काम त्यांच्याच हातून करवून घ्यावे.